गुंडी: हाताळणी आणि निगा

इस्त्री गरम असताना तिच्या तळाला हात लावू नये, हे वाक्य मी नोकरीत निदान शंभर वेळा लिहिलं असेल. मिक्सर, पंखे, कपडे धुण्याची यंत्रं यांच्या खोक्यात जी चोपडी येते ना, जी तुम्ही खोकं उघडल्याबरोबर बाजूला टाकता आणि यंत्र बिघडलं की घरभर शोधता, ती मी लिहायचो. बत्तीस वर्षं. आमच्या कामाचा एकच कडक नियम होता. जी कृती लिहायची, ती आधी स्वतःच्या हाताने तीनदा करून बघायची. ऐकीव माहितीवर एक ओळही लिहायची नाही. आमचे साहेब या बाबतीत इतके कर्मठ होते, की ‘लहान मुलांच्या हाती देऊ नये’ ही ओळ छापायला जाण्याआधी त्यांनी मला माझ्या पाच वर्षांच्या भाचीच्या हातात मिक्सरचं भांडं देऊन दुपारभर समोर बसायला लावलं होतं. ती ओळ मी नंतर फार मनापासून लिहिली.

हे सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं ते माझ्या प्रेमळ स्वभावामुळे झालं, असा गैरसमज ताई पसरवते आहे. माझा स्वभाव प्रेमळ नाही. मी फक्त नियमाने वागलो.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. उभं आयुष्य तिने ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर काढलं. समोरच्याने तोंड उघडायच्या आत ती त्याच्या कॉलरवरून त्याचा स्वभाव सांगते, आणि वाईट म्हणजे तो बरोबर निघतो. मला चौसष्टाव्या वर्षीही ती ‘छोट्या’ म्हणते. मी लग्न केलं नाही, याचं तिच्याकडे एकच स्पष्टीकरण आहे: माझ्याबरोबर राहायचं तर बाईला आधी चोपडी वाचावी लागली असती. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. भाऊजी गेले, भाची नोकरीसाठी लांब गेली, आणि ताईच्या घरात राहिली गुंडी.

गुंडी म्हणजे पाच किलो दोनशे ग्रॅम वजनाची मिश्र जातीची कुत्री. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या मते आई पॉमेरेनियन असावी, बापाकडून थोडा पग आलेला दिसतो, आणि बाकी सगळी लोकवर्गणी. रंग पांढऱ्या शर्टावर चहा सांडावा तसा. हे ताईचं मत, आणि ती या विषयातली अधिकारी व्यक्ती आहे. एक कान उभा, एक पडलेला. डोळे कोटाच्या गुंड्यांसारखे, म्हणून हे नाव. अंगाने उशीएवढी, पण स्वतःबद्दलचा समज म्हशीएवढा. लिफ्टचं दार वाजलं की भुंकणार, कुरियरवाला आला की भुंकणार, समोरच्या खिडकीतल्या मांजराने जांभई दिली तरी भुंकणार. आणि एवढं जग गाजवून झालं, की तिला मांडी हवी असायची. कोणाचीही चालायची नाही. ताईचीच.

ताईचा उजवा खुबा झिजला होता. ऑपरेशन तिने वर्षभर टाळलं, कारण त्यानंतर सहा आठवडे व्यायाम-उपचारांच्या एका केंद्रात राहायचं होतं आणि तिथे कुत्र्याला मज्जाव होता. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ऑपरेशन हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे घरी आल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ चालणं. कंटाळा केला तर सांधा आखडेल आणि मग कायमची खुर्ची. ताई त्यांना म्हणाली, की चालायची काळजी करू नका, गुंडीला दोन वेळा खाली न्यावंच लागतं. नुसतं स्वतःसाठी चालायला मी काही वेडी नाही, असंही म्हणाली.

मग ती गुंडीला घेऊन माझ्याकडे आली.

“जशी देतेय तशी परत हवी,” ती म्हणाली. “आणि तिला तुझं काही शिकवू नकोस.”

सोबत तिने सूचना दिल्या. दुकानाच्या सात जुन्या पावत्यांच्या पाठीवर. त्या मी इथे तशाच्या तशा देतो, म्हणजे माझी काय अवस्था झाली ते कळेल. ‘जेवण तीनदा, थोडंथोडं.’ ‘चिकन उकडून, बोटभर.’ ‘कांदा, द्राक्षं, चॉकलेट चुकूनसुद्धा नाही.’ ‘डोळ्यांच्या कडा पुसणे.’ ‘कान बघत जा.’ ‘विंचरणे, अंदाजाने.’ आणि सातव्या पावतीवर, ‘मांडीवर घेणे, ती सांगेल तेव्हा.’

बोटभर म्हणजे कोणाचं बोट? कान बघत जा म्हणजे बघून काय करू? आणि ‘अंदाजाने’ हा शब्द लिहिणाऱ्याला आमच्या खात्यात चहासुद्धा मिळाला नसता.

पहिले चार दिवस गुंडी दाराशी बसून राहिली. बोटभर चिकन, दोन बोटं चिकन, काही खाईना. मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “काका, या लहान कुत्र्यांचं सगळं वेळेवर असतं. एकाच माणसाने, एकाच वेळी, एकाच पद्धतीने करा. माणूस बदलला की ती गोंधळतात.” बाईंचं हे बोलणं मला इतकं पटलं, की मी घरी येऊन कोरी वही काढली आणि वर लिहिलं: ‘गुंडी: हाताळणी आणि निगा. प्रकरण एक, पुरवठा.’

आता नियम आला. कृती आधी तीनदा करायची. मी स्वयंपाकघरातला काटा आणला आणि चिकन, भोपळा, भात वेगवेगळ्या मापांत देऊन बघितलं. सकाळी सात चाळीसला बेचाळीस ग्रॅम दिलं तर ती ताट चाटून पुसते आणि दुपारी पोट बिघडत नाही, हे अकराव्या प्रयोगात सिद्ध झालं. विंचरायचं कसं, तर वरवर कंगवा फिरवून भागत नाही. वरच्या लांब केसांखाली दुसरे मऊ केस असतात, गुंता तिथे होतो, आणि कानामागचा गुंता आधी बोटांनी सोडवावा लागतो. डोळ्यांच्या कडा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने आतून बाहेर पुसायच्या. नखं महिन्यातून दोनदा, आणि एका बैठकीत फक्त दोन पाय; तिसरा धरला की चावते. हे प्रयोगाने सिद्ध झालं, खूण अजून अंगठ्यावर आहे. सोफ्यावरून उडी मारू द्यायची नाही, गुडघ्याची वाटी सरकते. म्हणून मी सोफ्याला दोन पायऱ्या करून घेतल्या. गळ्यात पट्टा नको, नरड्यावर ताण येतो. छातीला बांधायचा पट्टा हवा.

सातवं प्रकरण मांडीचं होतं. तेही तीनदा करून बघणं भाग पडलं. पहिल्या वेळी मी खुर्चीवर ताठ बसलो आणि गुंडीला उचलून मांडीवर ठेवलं. ती माझ्याकडे बघून उतरून गेली. दुसऱ्या वेळी मी पेपर वाचत बसलो आणि तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती आली, मी घरातही घालतो त्या बुटावर पाय देऊन उभी राहिली आणि वाट बघायला लागली. तिसऱ्या वेळी तिने तीन फेऱ्या मारल्या, मुटकुळं केलं, माझ्या जुन्या स्वेटरच्या बाहीत नाक खुपसलं आणि एक मोठा उसासा टाकून झोपली. मी घड्याळ लावलं. तेवीस मिनिटांनी माझा पाय बधिर झाला. मी वहीत लिहिलं, ‘वापरकर्त्याचा पाय बधिर झाल्यास पाय न हलवता वाट पाहावी.’

तीन प्रयोग पुरेसे होते. पुढचे पस्तीस मी खात्रीसाठी केले.

दर रविवारी मी केंद्रात ताईला भेटायला जायचो. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, की गुंडी तिची आठवण काढते का. मी आयुष्यभर खोटी ओळ लिहिली नाही. मी सांगितलं, की पहिले चार दिवस दाराशी बसली, मग सोडून दिलं. आता जेवते उत्तम, झोपते माझ्या मांडीवर, वजन शंभर ग्रॅमने वाढलंय. मला वाटलं, बाईचा जीव भांड्यात पडेल. ताई म्हणाली, “बरं झालं,” आणि खिडकीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी ती चालायला उठली नाही, असं तिथल्या फिजिओथेरपीच्या मुलीने मला पुढच्या वेळी सांगितलं. पाय दुखत असेल, असं मी म्हटलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

सहा आठवड्यांनी ताई घरी आली. मी गुंडीला आंघोळ घालून, विंचरून, एकेचाळीस पानांची पुस्तिका काखेत मारून तिच्याकडे गेलो. अगदी वाजतगाजत यंत्र पोचवायला जावं तसा. गुंडीने ताईला बघितलं आणि जो काही गोंधळ घातला, तो बघून मलाही भरून आलं. रडणं काय, गोल गोल फिरणं काय, ताईची बोटं चाटून चाटून ओली केली. ताई वॉकरला धरून हळूहळू खुर्चीत टेकली आणि तिने मांडीवर थाप मारली. गुंडी पुढे झाली. औषधांचा वास घेतला, वॉकरच्या नळीचा वास घेतला. मग वळून आली आणि माझ्या बुटावर बसली.

मी निघालो, तर तिने दारावर अंग टाकलं. जिना उतरेपर्यंत मला तिची नखं दारावर घासताना ऐकू येत होती.

तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीचा फोन आला. ती आता ताईच्या घरी येऊन व्यायाम करून घेत होती. म्हणाली, “कुत्री जेवत नाहीये, आणि मावशी खुर्चीतून उठत नाहीयेत. दोघी दाराकडे बघत बसल्यात. असंच आणखी दोन आठवडे चाललं तर त्यांचा पाय आखडेल, मग माझ्या हातात काही नाही.”

मी धावत गेलो. ताई खिडकीपाशी होती. केस विंचरलेले नव्हते. ज्या बाईने दुसऱ्याची चुरगळलेली बाहीसुद्धा कधी खपवून घेतली नाही, तिच्या गाउनवर कालच्या चहाचा डाग होता. मला भीती वाटली.

“घेऊन जा तिला,” ताई म्हणाली. “तुझीच झालीय ती.”

मी म्हटलं, “ताई, तुझ्या पावत्यांतली एक गोष्ट मी सोडलेली नाही.”

“तेच तर म्हणतेय मी. तू सगळं केलंस.”

साध्या शेजाऱ्याकडे गुंडी दिली असती, तर त्याने दोन वेळा जेवण टाकलं असतं, कान एकदा बघून सोडले असते, मांडीवर घ्यायचा कंटाळा केला असता, आणि गुंडीने सहा आठवडे ताईची वाट बघितली असती. कामचुकार माणसाने तिला बरोबर सांभाळलं असतं. मी माझ्या हाताने, ग्रॅम ग्रॅम मोजून, माझ्या बहिणीची कुत्री चोरली होती.

ताईने हात पुढे केला आणि पुस्तिका मागितली. मी दिली. तिने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एक पान गाळलं नाही. नखांच्या प्रकरणाला तिच्या तोंडावर थोडं हसू आलं. सातव्या प्रकरणाशी ती थांबली.

“पाय बधिर झाला तरी हलवायचा नाही, असं का लिहिलंस?”

“हलवला तर ती उठून जाते.”

ताईने माझ्याकडे बघितलं. कॉलरकडे नाही, तोंडाकडे. मग म्हणाली, “छोट्या, यात एक पान कमी आहे. हे सगळं परत माझं कसं करायचं, ते लिही.”

बत्तीस वर्षांत वाचकाकडून आलेली ही पहिली सूचना, आणि ती बरोबर होती. मी तिथेच बसून बेचाळिसावं पान लिहिलं. जेवण, कंगवा, कापूस, पट्टा, सगळं ताईच्याच हातून. वाकता येत नाही तर गुंडीला टेबलावर घेऊन. घड्याळ पाहून, पुस्तिकेप्रमाणे. खाली नेताना सुरुवातीला पट्टा फिजिओच्या मुलीच्या हातात, पण शेजारून चालायचं ताईनेच. आधीच्या वापरकर्त्याने खायला घालू नये, हात लावू नये, हाक मारू नये. त्याची कोणतीही वस्तू घरात राहू देऊ नये. चार आठवडे त्याने दृष्टीस पडू नये. शेवटची ओळ लिहिताना माझं अक्षर बिघडलं, ते ताईने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आता हीही कृतीच होती, म्हणजे ती करून बघणं आलं. गुंडी तेवढ्यात माझ्या मांडीवर चढली होती. मी तिला खाली ठेवलं आणि दारापर्यंत गेलो. ती मागोमाग आली, मी वाकून तिच्या कानामागे खाजवलं. पहिला प्रयत्न फुकट. दुसऱ्या वेळी मी जिन्यापर्यंत पोचलो, पण मागे वळून बघितलं आणि परत येऊन बसलो. तिसऱ्या वेळी मी तिला खाली ठेवलं, ती पुन्हा चढायला लागली, आणि मी उठून उभा राहिलो. तिचे पुढचे पाय माझ्या गुडघ्यावरून घसरले. “खाली,” मी म्हणालो. या आवाजात मी तिच्याशी कधीच बोललो नव्हतो. तिचा उभा कानसुद्धा पडला. मी गुंडीसाठी तिथे ठेवलेला माझा जुना स्वेटर काखेत घेतला, निघालो आणि रस्त्याला लागेपर्यंत कुठेही बघितलं नाही. घरी येऊन सोफ्यासमोरच्या दोन पायऱ्या माळ्यावर टाकल्या. मग सात चाळीसच्या ऐवजी मी साडेआठपर्यंत झोपायचं ठरवलं, ते काही जमलं नाही. मला तिची आठवण येत होती. इतकी, की लिफ्ट वाजली की मी भुंकण्याची वाट बघायचो.

मात्र काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. रोज संध्याकाळी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचो. वाऱ्याची दिशा बघायची आणि आडोशाला थांबायचं. निव्वळ तपासणी. पहिले चार दिवस ताई खाली उतरली नाही, आणि ते चार दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. पाचव्या दिवशी ताई वॉकर घेऊन फाटकापर्यंत आली, बाजूला पट्टा धरून ती मुलगी, आणि मागे ओढल्यासारखी गुंडी. दहाव्या दिवशी विजेच्या खांबापर्यंत. पंधराव्या दिवशी वॉकर गेला, काठी आली. विसाव्या दिवशी पट्टा ताईच्या हातात होता आणि गुंडी पुढे चालत होती, शेपूट पाठीवर गुंडाळून, गल्ली आपल्याच नावावर असल्यासारखी.

सव्विसाव्या दिवशी कोपऱ्यावर एका टेम्पोतून फर्निचर उतरवत होते. मी त्याच्या मागे उभा राहिलो. ताई आणि गुंडी नेहमीपेक्षा लांब आल्या, अगदी टेम्पोपासून दहा पावलांवर. तेवढ्यात वारा फिरला.

गुंडी थांबली. उभा कान ताठ झाला. नाक वर करून तिने हवा हुंगली, आणि टेम्पोच्या दिशेने पट्ट्याला जोर लावून ओढायला लागली. कुंईकुंई करायला लागली. मी बाजारातून परत आलो की ती हाच आवाज काढायची. मी दोन्ही हात खिशात घालून मुठी आवळल्या.

ताई काठीवर भार देऊन थांबली. टेम्पोच्या चाकांमधून माझे बूट दिसत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ताईने ते बघितले. मला वाटलं, आता हाक मारेल. मारली असती तर मी गेलो असतो. दोन दिवसच राहिले होते, नियम मोडला तरी काय बिघडलं असतं.

“चल गं,” ताई म्हणाली. आवाज थोडा जड होता. “तिकडे कोणी नाहीये.”

गुंडीने तिच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा एकदा टेम्पोकडे बघितलं. मग ती वळली आणि ताईच्या काठीच्या बाजूने, तिच्या पावलाला पाऊल लावून निघाली. तिने मागे बघितलं नाही. ताईनेही नाही. ताई काठी टेकत पण सरळ चालत होती, लंगडत नव्हती, हे मी नीट पाहून घेतलं. मला फार आनंद झाला, आणि त्याच वेळी मला रडू आलं.

टेम्पोवाला खुर्ची खाली ठेवून माझ्याकडे आला. “काका, काही शोधताय का?” त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं, आणि त्या दोघी फाटकातून आत जाईपर्यंत तिथेच थांबलो.